विश्लेषण : मांजराची ‘शुगर’ घरी कशी तपासतात? दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा घरचा आकडा महत्त्वाचा का?

पाण्याचे भांडे दिवसातून दोनदा भरावे लागते. लिटर ट्रेमधली ओली ढेकळे पूर्वीपेक्षा मोठी झाली आहेत. बोका वाटी चाटूनपुसून साफ करतो, तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला आहे. ‘वय झाले’ म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या या खुणा अनेकदा मधुमेहाच्या असतात. निदान झाले की पशुवैद्य इन्सुलिन लिहून देतात आणि सोबत सांगतात, ‘रक्तातली साखर घरीच तपासायला शिका.’ हे ऐकून बहुतेकांच्या पोटात गोळा येतो. मांजराला सुई टोचायची कुठे, आजोबांचा ग्लुकोमीटर चालेल का आणि आलेल्या आकड्याचे करायचे काय, हे जाणून घेऊया.

मांजरांना मधुमेह का होतो?

मांजरांचा मधुमेह बहुतांशी माणसांच्या ‘टाइप २’ मधुमेहासारखा असतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि स्वादुपिंड हळूहळू थकत जाते. मध्यम वयाची व म्हातारी, वजन जास्त असलेली आणि घराबाहेर न पडणारी मांजरे यात अधिक सापडतात. नसबंदी झालेल्या बोक्यांमध्ये धोका जास्त असतो. त्वचेच्या किंवा दम्याच्या त्रासासाठी दीर्घकाळ दिलेली स्टेरॉइड्सही साखर वाढवू शकतात.

आहाराचाही संबंध आहे. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी. आपल्याकडे मात्र दूध-भात, पोळीचा कुस्करा, दूध-बिस्किटे आणि आता कोरडे पॅकेटबंद खाद्य यावर अनेक मांजरे वाढतात. या सगळ्यात पिष्टमय पदार्थांचे प्रमाण बरेच असते. त्यात दिवसभर फ्लॅटमध्ये लोळणे आले की वजन वाढते.

कोणती लक्षणे दिसली की दवाखाना गाठावा?

खूप पाणी पिणे, खूप लघवी, भूक वाढूनही वजन घटणे ही तीन मुख्य लक्षणे. काही मांजरे मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागतात, टेबलावर उडी मारणे टाळतात. वाढलेल्या साखरेमुळे पायांच्या नसांवर परिणाम झाल्याचे ते लक्षण असते. खाणे बंद, उलट्या आणि मरगळ असे एकत्र दिसले तर थांबू नये. शरीरात ‘कीटोन’ साचून रक्त आम्लधर्मी होण्याची ती अवस्था असू शकते आणि ती जिवावर बेतते.

दवाखान्यातला आकडा फसवा का ठरतो?

मांजर पिंजऱ्यात कोंबलेले, रिक्षाचा आवाज, प्रतीक्षा कक्षात भुंकणारे कुत्रे, मग टेबलावर अनोळखी हात. या भीतीत शरीर ताणाची संप्रेरके सोडते आणि साखर झपाट्याने चढते. निरोगी मांजराची साखरही अशा वेळी ३०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत किंवा त्यापुढे जाऊ शकते. एरवी ती साधारण ७० ते १५० च्या दरम्यान असते.

त्यामुळे एकट्या आकड्यावर निदान करत नाहीत. लक्षणे, लघवीतली साखर आणि ‘फ्रुक्टोसामीन’ ही चाचणी एकत्र पाहिली जाते. फ्रुक्टोसामीनमधून आधीच्या एक-दोन आठवड्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज येतो, त्यामुळे क्षणिक भीतीने ते फारसे बदलत नाही. उपचार सुरू झाल्यावर मात्र सरासरी पुरत नाही. आज सकाळी इन्सुलिन द्यायचे की नाही, डोस जास्त तर होत नाही ना, हे त्या त्या वेळच्या आकड्यावरूनच कळते. हा आकडा खरा हवा असेल तर तो मांजर आपल्या नेहमीच्या गादीवर असतानाच घ्यावा लागतो.

घरातला ग्लुकोमीटर चालतो का?

चालतो, पण अटींसह. रक्तातली साखर काही प्रमाणात द्रवात म्हणजे प्लाझ्मात आणि काही प्रमाणात लाल पेशींत असते. माणसात लाल पेशींचा वाटा मोठा असतो. मांजरात जवळपास सगळी, म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक साखर प्लाझ्मात असते. माणसांसाठी बनवलेल्या मीटरचे गणित माणसाच्या रक्तावर बेतलेले असते. म्हणून मांजराच्या रक्तावर तो बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. किती कमी, हे प्रत्येक मीटरनुसार आणि साखरेच्या पातळीनुसार बदलते. त्यामुळे ‘इतके मिळवा की खरा आकडा मिळेल’ असे सूत्र नाही.

प्राण्यांसाठी खास मीटरही मिळतात. ‘अल्फाट्रॅक’ हे त्यातले सर्वात परिचित नाव. त्यात कुत्रा की मांजर हे आधी निवडावे लागते. ती निवड चुकली तर महागड्या मीटरचा उपयोग शून्य.

मीटर कोणताही असो, दोन गोष्टी पाळाव्यात. एकच मीटर कायम वापरावा, आणि तो कोणता हे पशुवैद्यांना सांगावे. आज एका मीटरवर, उद्या दुसऱ्यावर असे केले तर साखर बदलली की मीटर, हेच कळणार नाही.

मीटरची अचूकताही समजून घ्यायला हवी. माणसांच्या मीटरसाठीच्या ‘आयएसओ १५१९७’ या २०१३ च्या मानकानुसार १०० आणि त्यावरच्या आकड्यांत १५ टक्के इधर-उधर चालते. म्हणजे स्क्रीनवर २०० दिसले तर खरी साखर १७० ते २३० च्या दरम्यान कुठेही असू शकते. सलग दोनदा तपासून २१० आणि २२५ आले तर घाबरण्याचे कारण नाही. मीटर बिघडलेला नाही आणि मांजराची साखरही चढलेली नाही.

परदेशी व्हिडीओ पाहताना एककाकडे लक्ष द्या. ब्रिटन किंवा कॅनडात साखर ‘मिलिमोल’मध्ये सांगतात. तो आकडा १८ ने गुणला की आपल्याकडचा आकडा मिळतो. तिकडचे १० म्हणजे आपले १८०.

रक्त नेमके कुठून आणि कसे घेतात?

बहुतेक मांजरांसाठी कानाची कड ही सर्वात सोयीची जागा. कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते, उजेडात ती दिसते. शीर आणि कड यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत बारीक केशवाहिन्यांचे जाळे असते. टोचायचे तिथे. शिरेवर नेम धरण्याची गरज नाही. काही मांजरे कानाला हात लावू देत नाहीत, त्यांच्या पंजाच्या गादीच्या कडेतूनही थेंब घेता येतो.

पायऱ्या अशा :

१. सगळे सामान आधी मांडून ठेवा. मीटर, स्ट्रिप, नवी सुई, कापूस, बक्षिसाचा खाऊ. मांजर मांडीवर घेतल्यावर डबा शोधायला उठलात की ते परत यायचे नाही.

२. कान शेका. थंड कानातून रक्त येत नाही आणि नवशिक्यांचे बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. मोज्यात तांदूळ भरून तो कोमट करा किंवा कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापूस पिशवीत घालून अर्धा ते एक मिनिट कानाला लावा. आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहा, चटका बसता कामा नये.

३. स्ट्रिप मीटरमध्ये घालून तयार ठेवा. कानाच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा धरा, म्हणजे सुई आरपार जाऊन आपल्या बोटात घुसणार नाही.

४. हवे तर कडेवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्या. रक्त केसांत न पसरता थेंब गोल राहतो.

५. बाहेरच्या बाजूने पटकन टोचा. सुरुवातीला २८ गेजच्या आसपासची सुई बरी पडते. गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, आणि फार बारीक सुईने पुरेसा थेंब येत नाही. टोचण्याच्या पेनचा ‘खट्’ आवाज अनेक मांजरांना चालत नाही, त्यांच्यासाठी सुई हातात धरूनच वापरा.

६. स्ट्रिपचे टोक थेंबाला लावा, ती रक्त आपोआप ओढून घेते. मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान थेंब पुरतो.

७. कापसाने कान काही सेकंद दाबून धरा. नाही तर कानावर निळा डाग पडतो. मग लगेच खाऊ.

स्पिरिट लावू नये. त्याचा वास आणि चुरचुर मांजराला नकोशी होते आणि ओले राहिले तर आकडाही बिघडतो. दोन प्रयत्नांत जमले नाही तर त्या वेळेपुरते सोडून द्या. पहिले तीन-चार दिवस नुसते कान शेकून खाऊ देण्याची सवय लावली तर पुढचे काम बरेच सोपे होते. सुई प्रत्येक वेळी नवी हवी आणि घरातल्या मधुमेही माणसाची सुई किंवा टोचण्याचे पेन मांजराला वापरू नये. स्ट्रिपची डबी, विशेषतः कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात, लगेच घट्ट बंद करा. दमट हवेत स्ट्रिप खराब होतात.

कधी आणि किती वेळा तपासायचे?

मांजरांना इन्सुलिन बहुधा दर १२ तासांनी देतात. प्रत्येक इंजेक्शनच्या आधी एकदा तपासणे हा किमान नियम. ते मांजर सुरक्षित आहे की नाही हे सांगते. डोस बरोबर आहे का, हे कळण्यासाठी अधूनमधून ‘ग्लुकोज कर्व्ह’ काढतात. म्हणजे एका इंजेक्शनपासून दुसऱ्यापर्यंत दर दोन तासांनी तपासणी.

हे का करायचे, ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. सकाळी ८ वाजता साखर ३४०. मग १० वाजता २६०, दुपारी १२ ला १५०, २ वाजता ९५, ४ वाजता १४०, ६ वाजता २३० आणि रात्री ८ वाजता पुन्हा ३१०.

आता समजा, फक्त सकाळी आणि रात्री तपासले. वहीत ३४० आणि ३१० दिसतील. कोणालाही वाटेल, डोस पुरत नाही, वाढवायला हवा. पण दुपारी २ वाजता साखर ९५ पर्यंत उतरली होती, ते दोन्ही टोकांच्या आकड्यांत दिसतच नाही. डोस वाढवला असता तर हीच दुपारची पातळी धोकादायक झाली असती, तीही घरचे सगळे कामावर गेलेले असताना. या मांजराला जास्त इन्सुलिन नको, कदाचित जास्त वेळ टिकणारे इन्सुलिन हवे. हा निर्णय पशुवैद्यच घेतील, पण तो घेण्यासाठी मधले आकडे त्यांच्यापुढे असायला हवेत.

आकडे कसे वाचायचे?

उपचार सुरू असलेल्या मांजरात दिवसातली सर्वात खालची पातळी साधारण ८० ते १५० च्या दरम्यान राहावी, असे उद्दिष्ट ठेवले जाते. दिवसभर सगळे आकडे माणसासारखे ‘नॉर्मल’ आले पाहिजेत, असा हट्ट धरू नये.

इंजेक्शनच्या आधीचा आकडा नेहमीपेक्षा बराच कमी आला, तर इन्सुलिन न देता आधी पशुवैद्यांना फोन करावा. कोणत्या आकड्याखाली डोस द्यायचा नाही, हे पहिल्याच भेटीत विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. उलट एखाद्या दिवशी आकडा जास्त आला म्हणून स्वतःहून डोस वाढवू नका. डोस बदलल्यावर त्याचा परिणाम स्थिर व्हायला काही दिवस लागतात. मांजर जेवले नसेल तर नेहमीचा डोस देण्याआधीही विचारावे.

सिरिंजची कोणती चूक जिवावर बेतते?

तपासणी कितीही नीट केली तरी इथे गफलत झाली तर सगळे वाया जाते. भारतात इन्सुलिन प्रामुख्याने दोन तीव्रतांत मिळते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या. ‘यू-४०’ची टोपी सहसा लाल, ‘यू-१००’ची नारिंगी. प्राण्यांसाठीची काही इन्सुलिन ४० ची आहेत, तर मांजरांना बऱ्याचदा दिले जाणारे ग्लार्जिन १०० चे.

१०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये खुणेप्रमाणे भरले, तर डोस अडीचपट जातो. चार-पाच किलोच्या प्राण्याला अनेकदा एक-दोन युनिटच लागतात, तिथे अडीचपट म्हणजे थेट जिवाशी खेळ. मेडिकलमधून नवी सिरिंज आणली की बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे दर वेळी पाहा.

दुसरी चूक घरातल्या घरात होते. आईने सकाळी इंजेक्शन दिले, मुलाला माहीत नव्हते, त्यानेही दिले. म्हणून वेळ, आकडा, डोस आणि देणाऱ्याचे नाव एकाच ठिकाणी लिहावे. फ्रिजवरचा कागद चालेल, घरचा व्हॉट्सॲप ग्रुपही चालेल. सुई निसटली, इन्सुलिन केसांवरच सांडले आणि किती आत गेले कळले नाही, तर पुन्हा देऊ नका. एक डोस कमी पडल्याने सहसा बिघडत नाही, दुप्पट गेल्याने बिघडते.

साखर अचानक उतरली तर काय करायचे?

आकडा ६० च्या खाली गेला, किंवा मांजर लटपटू लागले, थरथरले, अचानक अधाशी झाले, कोपऱ्यात लपून प्रतिसाद देईनासे झाले, तर ती आणीबाणी समजावी. शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोज पावडरचा दाट पाक बोटाने हिरड्यांना चोळा. झटके येत असतील तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. झटक्यात मांजर चावूही शकते, म्हणून बोट दातांमध्ये घालू नका. पशुवैद्यांना फोन करत निघा. १५ मिनिटांत तरतरी आली तरी दवाखान्यात जायचेच, कारण दिलेले इन्सुलिन पुढचे काही तास काम करत राहते आणि साखर पुन्हा उतरू शकते.

मीटर जवळ नसेल आणि लक्षणे दिसत असतील तर आकड्याची वाट पाहत बसू नये.

लघवीची पट्टी किंवा सेन्सर हा पर्याय आहे का?

लघवीच्या पट्टीला सुई लागत नाही, पण तिची मर्यादा मोठी आहे. रक्तातली साखर साधारण २५० ते ३०० च्या पुढे गेल्यावरच ती मांजराच्या लघवीत उतरते. पट्टी कोरी आली तर साखर २०० आहे की ४० हे कळत नाही, आणि नेमके ४० च कळायला हवे असते. कीटोन तपासण्यासाठी मात्र लघवीची पट्टी घरात असावी.

माणसांसाठीचे ‘फ्रीस्टाइल लिब्रे’सारखे सेन्सर आता पशुवैद्य मांजरांवरही वापरतात. केस काढून सेन्सर खांद्यामागे किंवा पाठीवर चिकटवतात. तो १४ दिवसांसाठी बनवलेला आहे, पण मांजराच्या अंगावरून बऱ्याचदा आधीच निघतो. तो ४० ते ५०० दरम्यानची पातळी दाखवतो. रात्री झोपेत साखर कुठे जाते, हे त्याने कळते. तरी सेन्सरचा आकडा फार खाली दिसला तर कानातून एक थेंब घेऊन खात्री करावी लागते. म्हणून सेन्सर असला तरी सुईने तपासणे शिकून घेतलेले बरे.

मधुमेह पूर्ण जातो का?

मांजरांमध्ये अशी आशा असते. साखर लवकर आणि नीट आटोक्यात आली तर काही मांजरांचे स्वादुपिंड सावरते आणि इन्सुलिन बंद करता येते. कर्स्टन रूम्प आणि जॅकी रँड यांच्या २००९ च्या अभ्यासात ५५ मांजरांना ग्लार्जिन देऊन घरी काटेकोर तपासणी केली गेली. त्यातली ६४ टक्के मांजरे इन्सुलिनमुक्त झाली. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू केलेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होते, उशिरा सुरू केलेल्यांत ३५ टक्के. इतर अभ्यासांत प्रमाण यापेक्षा कमी आढळले आहे आणि सुटलेला मधुमेह परतही येतो. पण लवकर सुरुवात करण्याचा फायदा यातून दिसतो.

याच टप्प्यावर घरची तपासणी सर्वात जास्त लागते. मांजर सुधारू लागले की कालचाच डोस आज जास्त ठरतो. भात-बिस्किटे बंद करून कमी पिष्टाचा ओला आहार सुरू केला तरी असेच होते. म्हणून इन्सुलिन सुरू असताना आहार परस्पर बदलू नये.

गोळ्यांचे काय? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मांजरांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि ऑगस्ट २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन या तोंडावाटे द्यायच्या औषधांना मंजुरी दिली. ती निवडक मांजरांसाठीच आहेत आणि आधी इन्सुलिन सुरू असलेल्यांना देत नाहीत. त्यांच्यामुळे साखर ठीक दिसत असतानाही कीटोन वाढू शकतात, म्हणून त्यातही तपासणी सुटत नाही. घरातल्या माणसांची मधुमेहाची गोळी मांजराला देणे मात्र पूर्णपणे टाळावे.

नोकरी सांभाळून हे जमते का?

इंजेक्शनच्या दोन वेळा सकाळ-संध्याकाळ बांधल्या की रोजची तपासणी काही मिनिटांत होते. कर्व्ह सुट्टीच्या दिवशी काढता येतो. गावाला जाताना मागे राहणाऱ्या व्यक्तीला कान शेकण्यापासून सगळे आधी दोन-तीनदा करून दाखवावे. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बंद डब्यात साठवून डब्यावर तसे लिहून वेगळ्या द्याव्यात, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. आणि पशुवैद्यांकडे जाताना ती वही किंवा मोबाइलमधली नोंद सोबत न्यावी. डोसविषयी पुढचे बोलणे त्या नोंदीवरूनच होणार असते.